नॉबला हात लागला, पण तक्रारीला रकाना नव्हता

कॅमेऱ्याच्या सर्व्हिस सेंटरच्या तक्रार अर्जात ‘दोषाचा प्रकार’ म्हणून एक रकाना असतो. पिक्चर नाही, पॉवर नाही, आवाज नाही, इतर. माझी तक्रार हाताला काय लागतं याची होती आणि ती यातल्या कशातच बसत नव्हती. ‘इतर’वर खूण केली आणि तिथून माझा वनवास सुरू झाला.

मी सांगलीत नाटकांचं, संगीताच्या मैफलींचं शूटिंग करतो. भावे नाट्यमंदिरासारख्या ठिकाणी प्रेक्षकांच्या मधोमध ट्रायपॉड लावून बसलं की मागच्या रांगेतली माणसं वैतागतात, आणि ते बरोबरच आहे. म्हणून मोटरवर फिरणारा रिमोट कॅमेरा घेतला. तो कठड्याला लावायचा आणि कोपऱ्यातल्या टेबलावरून चालवायचा. अडचण एकच, जॉयस्टिकमध्ये स्प्रिंगशिवाय हाताला काहीच लागत नाही. ट्रायपॉडवर कॅमेरा फिरवायचा जो भाग असतो, त्या फ्लुइड हेडचं जडपण मनगटाला कळतं, त्यामुळे डोळे नटावर ठेवता येतात. इथे अर्धं लक्ष स्क्रीनच्या कडेकडे, कॅमेरा विंगेत तर घुसत नाही ना.

म्हणून जॉयस्टिकऐवजी हाताने फिरवायचा स्वतःचा नॉब बनवला. गिम्बलची, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या दांड्यातली ब्रशलेस मोटर, तिच्यामागे चुंबकावर कोन मोजणारा एएस5600 एन्कोडर आणि एक कंट्रोलर बोर्ड. एन्कोडर एका फेऱ्याचे 4096 भाग करतो, म्हणजे 0.1 अंशापेक्षा कमी हालचालही पकडतो. ती मोटर हाताला उलटा जोर देते. रंगमंचाची कड आली की नॉब अडायला हवा, भिंतीला टेकल्यासारखा. जोडणीत सांगण्यासारखं काही नाही, ती झाली.

भिंत मात्र होईना. कॅमेरा कडेला पोचला की नॉब अडायच्या ऐवजी थडथडायचा. मोटर मागे ढकलायची, हात पुढे रेटायचा, परत मागे. ऑपरेटर मुलाचं मनगट पहिल्या अंकातच भरून यायचं. मला संशय होता की हेडकडून, म्हणजे त्या मोटरवर फिरणाऱ्या रिमोट कॅमेऱ्याकडून, ‘मी कुठे आहे’ याचं उत्तर उशिरा येतंय. हेडच्या मेनूत सिरियल पोर्टचा, म्हणजे हुकूम नेणाऱ्या वायरीच्या जोडणीचा, वेग दिसत होता, सेकंदाला 9600 बिट, पण तो पर्याय करडा. बदलता येत नव्हता. मला एवढंच हवं होतं, की तो वेग कसा वाढवायचा ते कुणीतरी सांगावं.

फोन लावला. “साहेब, पिक्चर येतंय ना?” येतंय. “कॅमेरा फिरतोय ना?” फिरतोय. “मग प्रॉब्लेम काय?” नॉबबद्दल सांगितलं तर तो आमच्या कंपनीचा नाही. पोर्टबद्दल विचारलं तर त्यासाठी युनिट पाठवा. फोन दर वेळी वेगळा माणूस घ्यायचा आणि पिक्चरपासून पुन्हा सुरुवात. शेवटी हेड खोक्यात भरून पाठवलं. वॉरंटी कार्ड, बिलाची प्रत, बिलावरचा शिक्का फोटोत नीट दिसत नाही म्हणून परत फोटो. मग नुसती वाट. हातातल्या तारखा दुसऱ्याचा कॅमेरा भाड्याने आणून काढल्या. हेड परत आलं तेव्हा सोबत चिठ्ठी: ‘तपासणीत दोष आढळला नाही.’ मेनूतला पर्याय तसाच करडा. माझ्या अर्जाला जोडलेला थडथडीचा व्हिडिओ कुणी उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. ती चिठ्ठी वाचताना आलेला राग अजून उतरलेला नाही.

वाट मोकळी झाली ती कुपवाड एमआयडीसीत. ओळखीचे एक काका सीएनसी मशीनचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटाई यंत्रांचे, सर्व्हो मोटर दुरुस्त करतात. त्यांनी नॉब दोन बोटांनी धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, “ह्यो झटका मोटरचा न्हाई, वायरीचा हाय. हिशोब मांड बघू.” मग कागदावर मांडलं. व्हिस्का प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अशा कॅमेऱ्यांना हुकूम द्यायच्या भाषेत, हेडला जागा विचारायला 5 बाइट, उत्तराचे 11. एका बाइटमागे 10 बिट, म्हणजे 160 बिट. 9600च्या वेगाने सतरा मिलिसेकंद गेले. फिरवायचा हुकूम 9 बाइटचा, त्याचे आणखी नऊ मिलिसेकंद. सेकंदाला चाळीस वेळाही बोलणं होत नाही. आणि हाताला कडक भिंत वाटायला जोराचा हिशोब सेकंदाला हजारेक वेळा व्हावा लागतो. थडथड होणारच!

काकांनी सीएनसीचं हँडव्हील, म्हणजे हाताने फिरवायचं चाक, दाखवलं. एका फेऱ्याला शंभर टिकटिक, त्यामुळे कारागीर नजर जॉबवरून, म्हणजे यंत्रावर लावलेल्या तुकड्यावरून, हलवत नाही. टिकटिक चाकातच असते, मशीनला विचारून येत नाही. मग मीही भिंत बोर्डातच ठेवली. नाटकाआधी कॅमेरा डाव्या कडेला नेऊन बटण दाबायचं, मग उजव्या. पुढे बोर्ड आपल्याच एन्कोडरवरून जोर ठरवतो. हेडची खरी जागा मधूनमधून विचारतो, ती फक्त जडपणासाठी: कॅमेरा मागे पडला की नॉब जरा जड होतो. पहिल्यांदा तो कडेला गपकन थांबला तेव्हा मी ऑपरेटरला मिठी मारली.

भिंत एकदम उभी करू नका. शेवटच्या दोन-तीन अंशांत जोर चढवत न्या आणि वेगानुसार थोडा रोधही द्या.

इशाऱ्यासाठी वेगळी थरथर हवी असेल तर ती 200 ते 300 हर्ट्झमध्ये ठेवा, बोटांना तीच सर्वांत चांगली जाणवते. पण थरथरीची मोटर टेबलाला टेकवू नका, मैफलीत माइक तो आवाज उचलतो.

आणखी एक. अशा हेडांना आडव्या फिरण्याचे बहुधा 24च वेग असतात. झूम पूर्ण असताना पहिल्या वेगाचा धक्काही चित्रात दिसतो. नॉब कितीही गुळगुळीत केला तरी तो जात नाही. म्हणून झूम थोडा कमी ठेवून पॅन करा, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवा.

पोर्टचं कोडं नंतर सुटलं. सर्व्हिस सेंटरमधल्याच एका नव्या मुलाने फोनवर सहज सांगितलं, “दादा, हेडच्या तळाशी छोटे स्विच आहेत, वेग त्यावर ठरतो, मेनूत नुसता दिसतो.” पट्टी काढून एक स्विच सरकवला आणि 38400 झाला. हे एक वाक्य पहिल्या फोनवर मिळालं असतं तर हेड सांगलीबाहेर गेलंच नसतं. म्हणून खोकं भरायच्या आधी हेड उलटं करून तळ बघा. आणि कॅमेरा कठड्यावरून इंचभर जरी सरकला तरी दोन्ही कडा पुन्हा शिकवा.