तुम्ही विचारलंत म्हणून: मी अजून जाडा लॅपटॉपच का वापरते

परवा सांगली स्टँडवर बॅग वर चढवताना कंडक्टर म्हणाले, "ताई, दगडं भरलीत काय?" त्यांना मी काही बोलले नाही, पण हेच भाऊ म्हणतो, फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणतात, लग्नाच्या शूटला माझ्याबरोबर येणारी पोरं म्हणतात, आणि सगळ्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, की आता इतके पातळ, हलके लॅपटॉप मिळतात, तू एडिटिंगवाली बाई, आधीच खांदा धरलेला, अडीच किलोचं धूड आणि वर त्याचा चार्जरचा ठोकळा घेऊन एसटीनं का हिंडतेस? दर वेळी मी "सवय झालीय" म्हणून विषय संपवते. ते खरं नाही, सवय अजिबात झालेली नाही, दर वेळी खांद्यात कळ येते. म्हणून एकदा नीटच लिहिते, परत कुणी विचारलं तर हेच पाठवीन.

आधी हे सांगते की मी जाड्या मशीनच्या बाजूनं जन्मले नव्हते. जानेवारी २००८ मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनं कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला ना, तेव्हा मी कॉलेजात होते आणि तो व्हिडिओ सायबर कॅफेत बसून किती वेळा बघितला त्याची गणती नाही. त्यात सीडी ड्राईव्ह नव्हता, यूएसबी पोर्ट एकच, रॅम बोर्डवरच चिकटवलेली, बॅटरी आपली आपण बदलायची सोय नाही. आमच्या कॉम्प्युटर लॅबचे सर म्हणाले होते, हे दुरुस्त कसं करायचं? मला ते फार मागासलेलं बोलणं वाटलं होतं. आणि सीडी ड्राईव्हच्या बाबतीत सर चुकलेच की, दहा वर्षांत कुणाला त्याची आठवण पण राहिली नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण मला कुणी 'जुनं ते सोनं'वाली समजू नये.

२०१९ ला मी साठवलेल्या पैशातून पातळ लॅपटॉप घेतला. १.१ किलो. कंपनी कुठली ते सांगणार नाही, विचारू नका, कारण तसेच बांधलेले लॅपटॉप बऱ्याच कंपन्या विकतात. त्या मशीननं मला काय दिलं ते पण प्रामाणिकपणे लिहिते. सांगली ते पुणे एसटीत मांडीवर ठेवून मी अख्खी लग्नं कापलीत. रिकाम्या पिशवीसारखा तो झोळीत मावायचा, आणि क्लायंटसमोर टेबलावर ठेवला की समोरचा माणूस माझ्याशी जरा वेगळ्या आदरानं बोलायचा, बाई म्हणून जिथं आधी "कॅमेरामन कुठंय?" विचारायचे तिथं. ते मला आवडायचं. भावाशी मी भांडायची, की तुझं ते भलंमोठं मशीन म्हणजे वजन वाहायची हौस आहे.

आता मुख्य गोष्ट.

२०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मी मिरजेत एका म्हाताऱ्या तानपुरा करणाऱ्या कारागिरांचं शूटिंग केलं. कुणी सांगितलं नव्हतं, पैसेही नव्हते, मला करायचं होतं म्हणून. नाव लिहीत नाही, चाचा म्हणते. अकरा दिवस. पंढरपूरकडून आलेला भोपळा कापण्यापासून ते तबली, म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण बसवणं, दांडी जोडणं, पॉलिश, सगळं. शेवटच्या दोन दिवसांत जवारी. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, घोडीचा, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिचा, तो जरासा भाग घासून असा करायचा की तार त्याला नुसती चाटून जाते आणि त्यातून तो भरलेला, झिणझिणता आवाज निघतो. चाचा कानशीनं दोन-तीन हात मारायचे, तार चढवायची, छेडायची, मान वाकडी करून ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा दोन हात. मग तारेखाली दोरा सरकवायचा, ज्याला ते जीव म्हणतात, केसभर पुढं, केसभर मागं. तीन तास असं चाललं होतं आणि त्या तीन तासांत बंद, मुका आवाज हळूहळू उघडत गेला, तो माझ्या रेकॉर्डिंगमध्ये पायरी पायरीनं ऐकू येत होता. आवाज स्वच्छ यावा म्हणून मी त्यांचा पंखा बंद करून घेतला होता. मार्चमध्ये, पत्र्याखाली. ते घामानं भिजले पण एकदाही म्हणाले नाहीत की लाव.

कॅमेऱ्याची कार्डं लॅपटॉपमध्ये रिकामी केली आणि पुन्हा वापरायला घेतली, कारण लग्नसराई सुरू होती.

आता तुम्ही म्हणणार, बॅकअप? सगळे इथंच थांबून हेच विचारतात, आणि माझ्या अंगावर काटा येतो कारण उत्तर माझ्याच विरोधात जातं. नव्हता घेतला. म्हणजे घ्यायला लागले होते, पुरा झाला नाही. त्या लॅपटॉपला दोनच टाईप-सी पोर्ट होते. एकात चार्जर, दुसऱ्यात हब, म्हणजे एका पोर्टची अनेक पोर्ट करणारी डबी, हबमध्ये कार्ड रीडर आणि हार्ड डिस्क. हबची पिन ढिली झाली होती, कॉपी चालू असताना जरा धक्का लागला की डिस्क निघून जायची आणि सगळं पहिल्यापासून. तीनदा असं झालं. मग मी म्हणलं, नवा हब आला की निवांत करू. ही माझी चूक, कुणाची नाही. पण हेही तितकंच खरं आहे की मशीनला चांगली तीन पोर्ट असती तर ते काम त्याच रात्री झालं असतं. या दोन गोष्टींत कुठली मोठी हे मी चार वर्षं ठरवतेय.

दुसरी खूण पण मी बघितली नाही. एप्रिलपासून ट्रॅकपॅडचा उजवा कोपरा दाबला जाईना. क्लिक व्हायचंच नाही, कडक लागायचं. मी समजले धूळ गेली असेल, ब्रशनं साफ केलं. टेबलावर ठेवला की लॅपटॉप किंचित डुगडुगायचा, एका कोपऱ्याखाली कागदाची घडी सरकवली. बॅटरी फुगत होती. सतत चार्जरला लावलेला, आत सतत उष्णता, त्यानं लिथियमच्या बॅटरीत वायू धरतो आणि पाकीट फुगतं, आणि इतक्या पातळ अंगात फुगायला जागाच नसते, ती मग वर ट्रॅकपॅडला आणि खाली पत्र्याला ढकलत राहते.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रात्री एक्सपोर्ट, म्हणजे कापलेल्या व्हिडिओची शेवटची फाईल बनवायला लावली होती. बाहेर अंग भाजतंय, मशीनचा चिमुकला पंखा शिट्टी मारल्यासारखा वाजतोय, वरच्या ओळीतल्या बटणांवर बोट ठेववत नव्हतं. स्क्रीन गेली. परत आली नाही.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलानं दुसऱ्या दिवशी सांगितलं, मदरबोर्ड बदलावा लागेल. मी म्हणलं बदला, फक्त आतली डिस्क मला काढून द्या. तो म्हणाला, "मॅडम, डिस्क वेगळी नसते यात. बोर्डवरच आहे." मला ते वाक्य कळायलाच वेळ लागला. मी दोनदा विचारलं. मग मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेले, एका वरच्या मजल्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे. त्या माणसानं चार दिवस मनापासून प्रयत्न केले. मला भिंगाखाली दाखवलं, नखाएवढ्या काळ्या चिपा, तुमचं सगळं यात आहे म्हणाला. पण त्या उचलून दुसरीकडे लावून उपयोग नाही, कारण डेटा कुलूपबंद लिहिलेला असतो आणि त्याची किल्ली शेजारच्या ज्या चिपमध्ये, तीच जळालेली. त्यानं पैसे घेतले नाहीत. मी त्या जिन्यात बसून राहिले होते किती वेळ.

चाचांना सांगायला गेले तेव्हा ते रागावले. मला वाटलं होतं समजून घेतील. "अकरा दिवस दुकान बंद ठेवलं मी तुझ्यासाठी," एवढंच म्हणाले आणि आत गेले. दोन महिने फोन घेतला नाही. नंतर मीच म्हणाले पुन्हा करू, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला होता, कानस धरली की पातं घोडीवर थरथरायचं. जवारी आता मुलगा काढतो. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा चार जणांनी मला फोन केला, "तुझ्याकडे ते शूटिंग होतं ना, आता लाव की." माझ्याकडे त्यांच्या नातवाला व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या सहा क्लिपा आहेत. जवारीची त्यात एकही नाही.

त्यानंतर मी हा जाडा घेतला. खालचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं, बॅटरी निघते, रॅम निघते, एसएसडी, म्हणजे सगळं काम साठवणारी डिस्क, निघते. दीड वर्षानं याचाही बोर्ड गेला, लग्नाचा व्हिडिओ द्यायच्या आदल्या दिवशी. मी स्वतः एक स्क्रू काढून एसएसडी बाहेर घेतली, बोटाएवढी पट्टी, यूएसबीच्या केसमध्ये घातली, भावाच्या पीसीला लावली आणि रात्रीतून काम पुरं केलं. तुम्ही मला वजनाबद्दल विचारता ना, त्या रात्रीबद्दल विचारा.

आता माझ्या विरुद्धची बाजू, कारण ती आहे. पातळ लॅपटॉप तापतो आणि तापला की प्रोसेसर स्वतःला हळू करून घेतो, खोक्यावर लिहिलेला वेग पहिल्या काही मिनिटांचाच, हे मी पूर्वी सगळ्यांना ठासून सांगायचे. २०२० च्या शेवटी ॲपलनं एम१ चिपचा एअर आणला, त्यात पंखाच नाही. माझ्या मावसभावाकडे तो आहे, त्यावर एकदा माझीच फाईल एक्सपोर्ट केली तर माझ्या जाड्याच्या आधी झाली, आणि आवाज नाही, चार्जर लावलेला नाही. मी गप्प बसले. माझा जाडा चार्जरशिवाय दोन तास पण टिकत नाही. म्हणजे उष्णतेचा मुद्दा मी पूर्वीसारखा मांडू शकत नाही. रॅम बोर्डला सोल्डर करण्यालाही, म्हणजे कायमची डागून टाकण्यालाही कारण आहे, प्रोसेसरच्या जितकी जवळ तितका वेग जास्त आणि वीज कमी, हे मला पटतं.

पण मग हेही बघा. ॲपलनंच २०१५ ला पातळपणासाठी नवा कीबोर्ड आणला, बटणाखाली जरा कण गेला की बटण अडकायचं, शेवटी २०१९-२० मध्ये तो सोडून दिला आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या दाव्यात ५ कोटी डॉलर द्यायला कबूल झाले. २०२१ चा १६ इंची मॅकबुक प्रो आधीच्यापेक्षा जाड होता आणि त्यात एचडीएमआय आणि एसडी कार्डची जागा परत आली. ज्यांनी काढलं त्यांनीच परत दिलं, मग मधली वर्षं ज्यांनी हब लोंबकळत ठेवून काम केलं त्यांचं काय? डिसेंबर २०२३ मध्ये कॅम-२ नावाचं रॅमचं मानक आलं, चपटं आणि स्क्रूनं काढता येणारं, म्हणजे मनात आणलं तर जमतं. आणि स्टोरेजला तर माझ्या मते वेगाची सबबही चालत नाही. एसएसडीची ती पट्टी २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब, जाडी दोन-तीन मिलिमीटर. तेवढ्या जागेसाठी माणसाचं काम बोर्डाला कायमचं जखडून टाकायचं, हे मला कितीही समजावलं तरी पटत नाही.

सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये राईट टू रिपेअरचं, म्हणजे वस्तू दुरुस्त करून घेण्याच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, ते पण मी आशेनं उघडून बघितलं. चांगलं आहे. पण जे उघडतच नाही त्याच्या दुरुस्तीची माहिती घेऊन मी काय करू?

भाऊ म्हणतो, तुझा राग लॅपटॉपवर नाही, स्वतःवर आहे, एक हजार रुपयाचा हब वेळेत घेतला असतास तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. असेल. कधी कधी रात्री मलाही तसंच वाटतं. आणि सकाळी एखादा नवा पातळ लॅपटॉप हातात घेते, त्याची कड बोटानं बघते, तेव्हा २००८ सारखंच वाटतं, घ्यावा. खांदा तर रोज सांगतो घे म्हणून. मग मी तो उलटा करते आणि विचारते, यातली डिस्क निघते का, आणि दुकानातला मुलगा माझ्याकडे बघत राहतो.

माझ्या भाचीनं यंदा आर्किटेक्चरला ॲडमिशन घेतली. तिनंही विचारलं, मावशी कुठला घेऊ? मी हे सगळं सांगितलं, तिनं ऐकून घेतलं आणि पातळच घेतला, कारण रोज लोकल आणि वर ड्रॉइंगचं सामान. मी अडवलं नाही. क्लाउड आणि दोन हार्ड डिस्क, एवढं मात्र शपथ घालून करून घेतलं. मागच्या रविवारी घरी आली होती, सहज म्हणाली, ट्रॅकपॅड जरा कडक लागतोय. मी हातातलं काम टाकून उठले, तिचा लॅपटॉप बंद करून जेवणाच्या टेबलावर ठेवला, एकेक कोपरा बोटानं दाबून बघितला. चारी टेकत होते. तरी पुन्हा एकदा बघितलं.