फुल सस्पेन्शनचं पक्कं झालं!

आज सकाळी मित्राची फुल सस्पेन्शन सायकल (पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी) घेऊन गंगापूर धरणाच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर मनसोक्त हिंडलो. आपल्याकडची वाट म्हणजे काळा बसाल्ट, सुटा मुरूम आणि मध्येच पावसाने पाडलेले चर. अशा चढावर हार्डटेलचं (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलचं) मागचं चाक उडतं आणि पकड सुटते. आज ते जमिनीला चिकटून राहिलं, चक्क सीटवर बसून चढ मारला. आणि उतार? काय सांगू, आनंदच!

आता वजन. जो तो एकूण किलो विचारतो. माझ्या मते कार्बन फ्रेमच्या आधी चाकं आणि टायर बघावेत, कारण फिरणारं वजन वेग घेताना पायांना जास्त जाणवतं. पण हलकेपणासाठी पातळ टायर नकोत, आपले दगड साइडवॉल (टायरची बाजू) फाडतात. बाभळीचे काटे आहेतच, म्हणून ट्यूबलेस हवंच.

२९ इंची चाकं, १२० ते १३० मिलिमीटर ट्रॅव्हल (सस्पेन्शनमुळे चाक वर-खाली किती हलतं ते), वजन १३ किलोच्या आसपास. ठरलं. शॉकची हवा मात्र आपल्या वजनाप्रमाणे भरूनच टेस्ट राइड घ्या. नुसतं बसल्यावर तो साधारण २५ ते ३० टक्के दबला पाहिजे.

नाशिकात कोणाकडे मीडियम फ्रेमची अशी सायकल असेल तर कळवा, रविवारी सोबत जाऊ.