खोटं भोक

सोमवार, पहाटे साडेचार

अक्षराच्या पुन्हा मुंग्या झाल्यात. ओळ सुरू करते तेव्हा अक्षर हरभऱ्याएवढं असतं, कडेला पोचेतो मोहरीएवढं होतं. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, असं होतं. डॉक्टर याला मायक्रोग्राफिया म्हणतात. मला ते पहिल्यांदा कळलं वर्गात, आणि तेही उलटंच कळलं. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा रोज म्हणायचा, "बाई, दिसत नाही." मी त्याच्या घरी चिठ्ठी पाठवली, डोळे तपासून घ्या म्हणून. डोळे ठणठणीत निघाले. फळ्यावरचं माझं समीकरणच डावीकडून उजवीकडे जाताना आक्रसत होतं, आणि उत्तर तर पार कोपऱ्यात जाऊन बसायचं. त्या पोराची माफी मागायची राहूनच गेली.

नऊ वर्षं झाली. खरं तर त्याच्याही आधी नाक गेलं होतं. काही जळलं तरी वास यायचा नाही. झोपेत हातपाय झाडायचे, नवऱ्याला एकदा चांगला गुद्दा बसला होता. बद्धकोष्ठाचं तर कौतुक कुणाला सांगायचं! हे सगळे एकाच गावाचे पाहुणे आहेत हे नंतर कळलं. हात थरथरायला लागला तोवर मेंदूतल्या त्या काळ्या पट्ट्यातल्या, सबस्टॅन्शिया नायग्रातल्या, डोपामीन हे हालचालींसाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या साधारण निम्म्या पेशी गेलेल्या असतात म्हणे. म्हणजे चोर घर धुऊन गेल्यावर कुत्रं भुंकतं, तसा हा कंप.

पहिली गोळी सहाला. अजून दीड तास. कुशीवर वळायला नवऱ्याला उठवावं की नको, याचा विचार करण्यात अर्धा तास जाईल.

सोमवार, दुपार

सहाची गोळी सात वाजता चढली. रात्री उशिरा जेवले होते, त्याचा हा दंड असावा. माझ्या गोळीतलं औषध, लेव्होडोपा, आणि जेवणातली प्रथिनं आतड्यातून एकाच दारानं आत जातात आणि दारात रेटारेटी होते. पूर्वी एका गोळीवर पाच तास निघायचे, आता तीन. त्यातला पहिला अर्धा तास चढण्यात आणि शेवटचा उतरण्यात. मधल्या दोन तासांत मी माणूस असते. त्यातही कधी गोळी जास्तच चढते आणि मान, खांदे आपोआप डुलायला लागतात. बघणाऱ्याला वाटतं बाई गाणं ऐकतायत.

आमच्या मंडळींत रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. सुरुवातीला मला हे शब्द जरा गोडमिट्ट वाटले होते. पण आज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी माझे पाय जमिनीला खिळले, तेव्हा शुभंकर काही न बोलता आले आणि माझ्या पावलापुढे स्वतःचं पाऊल आडवं ठेवून उभे राहिले. ते ओलांडायचं म्हटल्यावर माझा पाय लगेच उचलला गेला. सपाट फरशीवर न उचलणारा पाय अडथळा दिसला की उचलतो, हे गणित मला अजून सुटलेलं नाही. दोन-चार पावलांतच तोल जाणारा एक रुग्ण सायकल मात्र झोकात चालवतो, अशी नोंद 2010 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात चित्रफितीसह आली होती. रस्ता तुटला आहे, पण पायवाटा शाबूत आहेत, असंच काहीसं असणार.

मंगळवार

दादाचा निरोप. सोबत जाहिरात. "तुमच्याच शरीरातल्या स्टेम सेल, शिरेतून सलाइनसारख्या देतात, ऑपरेशन नाही, हमखास फरक." खाली दादानं लिहिलंय, "पैशाचं मी बघतो, तू फक्त हो म्हण."

दादावर रागावता येत नाही. पण उत्तर लिहायला मला गोळी चढलेली सगळी 'ऑन' वेळ लागली. लिहिलं ते असं: दादा, पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी शिरेत सोडल्या की त्या आधी फुप्फुसात अडकतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना जो पहारा आहे तो ओलांडून त्या आत जातील, नेमक्या जागी बसतील आणि वर डोपामीन बनवायला लागतील, याला काही आधार नाही. मला हव्या आहेत त्या पेशी वेगळ्या. त्या प्रयोगशाळेत आठवडे खपून, न्यूरॉन होण्याच्या वाटेवर आणून ठेवलेल्या असतात आणि कवटीला भोक पाडून सुईनं आत सोडाव्या लागतात. तेही मूळच्या जागी नव्हेच. विहीर आटली म्हणून तिच्याच तळाशी नवी विहीर खणत नाहीत, जिथं पाणी हवं त्या शेतात खणतात. तसं पुटामेन नावाच्या भागात, जिथं डोपामीन पोचायला हवं तिथंच, त्या पेशी लावतात.

दादाचं उत्तर आलं: "पण तिथल्या एकाला खरंच बरं वाटलंय. मी स्वतः बोललोय."

वाटलंच असेल. यात खोटं काही नाही, आणि तीच तर अडचण आहे.

बुधवार

कालचं वाक्य डोक्यातून जात नाही. बरं "वाटलं" म्हणजे काय?

2001 मध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या संशोधकांनी माझ्यासारख्या सहा जणांच्या मेंदूचं पेट स्कॅनिंग केलं. औषध म्हणून टोचलं नुसतं मिठाचं पाणी. पेशंटला ठाऊक नव्हतं औषध कुठलं आणि पाणी कुठलं. पाण्यानंही मेंदूत डोपामीन सुटलं, खरंखुरं, स्कॅनवर दिसण्याइतकं. नंतर 2010 मध्ये तिथल्याच गटानं आणखी मजा केली. सगळ्यांना बनावट गोळी दिली, पण खरी गोळी मिळण्याची शक्यता कुणाला पंचवीस टक्के सांगितली, कुणाला पन्नास, कुणाला पंचाहत्तर, कुणाला शंभर. डोपामीन ठळकपणे वाढलं ते पंचाहत्तर टक्केवाल्यांत. शंभर टक्के खात्री दिलेल्यांत नाही!

गणिताची मास्तरीण म्हणून हे वाचून मी खूश झाले. खात्री नको, थोडी धाकधूक हवी. पण कंपवाताची पेशंट म्हणून पोटात गोळा आला. संधिवातवाल्याला आशा वाटली तर त्याला बरं वाटेल. मला आशा वाटली तर जे माझ्याकडे कमी आहे नेमकं तेच पाझरतं. म्हणजे या आजारात आशा हे औषधच आहे, आणि म्हणूनच साक्षीदार म्हणून ती कुचकामी. मला बरं वाटलं याचा पुरावा मी देऊच शकत नाही. दादाच्या त्या माणसाला बरं वाटलं ते खरं. काही आठवड्यांनी पाझर आटला की तो गप्प बसेल. तोवर त्याच्या शब्दावर आणखी दोघं पैसे भरून आलेले असतील.

बुधवार, रात्र

झोप नाही. लिहीत बसते.

पेशी लावण्याची कल्पना नवी नाही. 1987 मध्ये स्वीडनमधल्या लुंडला गर्भपातातून मिळालेल्या गर्भाच्या मेंदूतल्या पेशी रुग्णांना पहिल्यांदा लावल्या. पुढे काहींना वर्षानुवर्षं गुण आला, काहींना कसलाच नाही. एकेका रुग्णाला अनेक गर्भांच्या पेशी लागत, दरवेळी माल वेगळा. मग अमेरिकेत चाळीस जणांवर रीतसर चाचणी झाली आणि 2001 मध्ये निकाल आला. वीस जणांना पेशी, वीस जणांना खोटी शस्त्रक्रिया. रुग्णांनी वर्षभरानं स्वतःच्या तब्येतीला जे गुण दिले त्यात दोन्ही गट सारखेच. साठीच्या आतल्यांच्या हालचाली मोजल्यावर सुधारलेल्या दिसल्या खऱ्या, पण पुढे काहींचं अंग गोळी नसतानाही वळवळत राहिलं, थांबेचना. त्यानंतर हे काम बरीच वर्षं थंडावलं. 2008 मध्ये अशाच जुन्या रुग्णांच्या शवविच्छेदनात दिसलं की लावलेल्या तरुण पेशींतल्या काहींमध्येही या आजाराची खूण असलेल्या प्रथिनांच्या गाठी, ल्यूई बॉडीज, आल्या होत्या. शेजारपाजाऱ्यांची संगत लागावी तशा.

दुसरीकडे 2006 मध्ये जपानचे संशोधक शिन्या यामानाका यांनी उंदराच्या प्रौढ पेशीला पुन्हा मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, बनवून दाखवलं, पुढच्या वर्षी माणसाच्या. 2012 मध्ये नोबेल. गर्भाचा प्रश्न बाजूला झाला आणि माल हवा तितका, एकसारखा बनवता येऊ लागला. 2018 मध्ये क्योतोत अशा पेशींपासून घडवलेल्या पेशी पहिल्या रुग्णाच्या मेंदूत गेल्या. एकूण सात जण, वय पन्नास ते एकोणसत्तर. अमेरिकेतल्या दुसऱ्या गटानं भ्रूणाच्या मूलपेशींपासून बनवलेल्या पेशी बारा जणांना लावल्या. दोन्ही अहवाल एप्रिल 2025 मध्ये 'नेचर'मध्ये आले. ट्यूमर झाला नाही, पेशींमुळे गंभीर अपाय झाला नाही, स्कॅनवर नव्या पेशी कामाला लागलेल्या दिसल्या. क्योतोत ज्या सहा जणांचा गुण तपासला त्यातले चार गोळी न घेतलेल्या अवस्थेत आधीपेक्षा बरे होते.

हे वाचून त्या रात्री मी नवऱ्याला उठवलं होतं. गुद्दा न मारता, मुद्दाम.

पण या दोन्हींत तुलनेचा गट नव्हता. तो उद्देशच नव्हता, आधी धोका किती ते बघायचं होतं. आता अमेरिकेतल्या त्याच पेशींची मोठी चाचणी सुरू झाली आहे, शंभरच्या आसपास माणसं, आणि तिच्यात खोटी शस्त्रक्रिया आहे.

गुरुवार

लेकीचा फोन. तिला सांगितलं की अशी चाचणी कुठे माझ्या आवाक्यात आली तर नाव द्यायचं म्हणतेय. तिनं शांतपणे ऐकलं. खोट्या शस्त्रक्रियेपर्यंत पोचले आणि ती भडकली.

"आई, म्हणजे तुझ्या डोक्याला भोक पाडणार आणि आत काहीच घालणार नाहीत?"

"भोक अर्धवटच असतं गं. मेंदूवरच्या आवरणाला हात लावत नाहीत."

"वा! मग फारच छान."

तिचं बरोबर आहे. डोकं चौकटीत आवळून धरणार, ड्रिलचा आवाज कवटीतून येणार. अमेरिकेतल्या त्या जुन्या चाचणीत तर माणसं जागी होती. वर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, आणि मी कुठल्या गटात ते मला सांगायचं नाही. हे सगळं कशासाठी, तर तुलनेसाठी. मी तिला बुधवारचं सगळं सांगितलं, पाणी टोचल्यावर डोपामीन सुटतं ते. जुन्या चाचणीतलं एक राहिलं होतं, तेही सांगितलं: आपल्याला पेशी मिळाल्या असं ज्यांना वाटत होतं त्यांना वर्षभरानं आयुष्य जास्त बरं वाटत होतं, मग पेशी खरोखर मिळालेल्या असोत वा नसोत.

"मग तुला नुसतं वाटू दे ना," ती म्हणाली. "भोकाशिवाय."

यावर मला उत्तर सुचलं नाही. गोळी उतरायला लागली होती, आवाज खोल गेला होता, तिला ऐकूही गेलं नसतं.

शुक्रवार

उत्तर आज आंघोळ करताना सुचलं, नेहमीप्रमाणे एक दिवस उशिरा.

नुसतं वाटणं मला पुरेल, पण माझ्यानंतरच्या माणसाला त्याचा उपयोग शून्य. त्या वीस जणांनी भोक पाडून घेतलं नसतं तर गर्भाच्या पेशी लावण्याचा धंदा गावोगाव सुरू झाला असता. वळवळणारी अंगं नंतर दिसली असती, बरीच आणि उशिरा. वर्षभरानं हवी असेल तर खरी शस्त्रक्रिया करून घ्या, असं त्यांना सांगितलं होतं आणि बहुतेकांनी ती करूनही घेतली. म्हणजे ती माणसं काही संत नव्हती. त्यांनाही हावच होती, माझ्यासारखी. हाव धरून ती रांगेत उभी राहिली आणि चिठ्ठी उलटी निघाली, एवढंच.

एक मात्र लिहून ठेवते. पेशी मिळाल्या तरी मी "बरी" होणार नाही. नाक परत येणार नाही, पोट सुधारणार नाही, झोपेतले गुद्दे थांबणार नाहीत. त्या गोष्टी डोपामीनच्या एका शेतापुरत्या नाहीतच. नव्या पेशी रुजायला, हातपाय पसरायला महिने जातात, वर्षही जातं. मिळालंच तर काय मिळेल? दोनाचे चार तास. पहाटे चारला स्वतःच्या स्वतः कुशीवर वळणं. माझी मागणी एवढीच आहे, आणि ती मला अजिबात छोटी वाटत नाही.

आणि वय त्रेसष्ट. क्योतोची हद्द एकोणसत्तर होती. वजाबाकी मला येते.

शनिवार

माझ्या न्यूरॉलॉजिस्टना ईमेल लिहिली. अशी चाचणी कुठेही सुरू झाली आणि मी बसत असेन तर कळवा, गट कुठलाही चालेल. चार ओळींना पाऊण तास लागला. नवरा म्हणाला, मी टाइप करतो. नको म्हटलं.

पाठवल्यावर दिसलं, सुरुवातच "ननननमस्कार" अशी झालीय. बोट किल्लीवरून वेळेत उठलं नव्हतं. दुरुस्तीची दुसरी पाठवणार होते, मग राहू दिली. निदान वेगळं लिहायला नको.