आधी तिथी, मग लोकल: हिवाळ्यातल्या मुंबईत पक्षी बघायला येताना

पुणे, नाशिक, कोल्हापूरकडून दोन-तीन दिवसांसाठी मुंबईत पक्षी बघायला येणारे बहुतेक जण पहाटे सहाची लोकल धरतात आणि उजाडता उजाडता खाडीवर उभे राहतात. जंगलात ही सवय कामी येते. खाडीवर मात्र समोर मैलभर नुसता चिखल दिसतो आणि पक्षी पार टोकाला, पाण्याच्या रेषेवर ठिपक्यांएवढे. नाहीतर काठापर्यंत पाणी भरलेलं असतं आणि एकही पक्षी नसतो. दोन्ही वेळी पक्षी शहरातच असतात, फक्त वेळ चुकलेली असते. ठाण्याच्या खाडीत पक्षी कुठे असतील हे भरती-ओहोटी ठरवते, म्हणून मुक्कामाची तारीख कॅलेंडरवरची तिथी पाहून ठरवायची. लोकलचं वेळापत्रक त्यानंतर.

हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असलेलाच आहे: तिथीला तीनने गुणा, चाराने भागा. येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला ३, षष्ठीला साडेचार, अष्टमीला ६, द्वादशीला ९. ही वेळ दिवसाही आणि रात्रीही, शुक्ल पक्षात आणि कृष्ण पक्षातही. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीच्या आतल्या टोकाला पाणी आणखी थोडं उशिरा चढतं. त्यामुळे दिवस निवडायला तिथी पुरेशी आहे, पण घड्याळ लावायला त्या तारखेचा मुंबईचा भरतीचा तक्ता बघाच.

चिखलात खाणारे पक्षी, म्हणजे रोहित (फ्लेमिंगो), तुतारी, टिलवे, चिखले, कोरल, ओला आणि उघडा चिखल शोधत फिरतात. पूर्ण ओहोटीला तो एवढा पसरलेला असतो की पक्षी दूरवर पांगतात. पाणी चढू लागलं की चिखलाची पट्टी अरुंद होत जाते आणि पक्षी काठाकडे ढकलले जातात. भरतीच्या आधीचे तीन ते दीड तास म्हणूनच सोन्यासारखे. भरती पूर्ण झाली की चिखल नाहीसा होतो आणि थवे नवी मुंबईच्या पाणथळींवर विसाव्याला जातात. पाणी उतरू लागलं की आधी काठाजवळचा उंच चिखल उघडा पडतो, आणि परतणारे पहिले थवे तिथेच उतरतात.

आता यात प्रकाश धरा. खाडीच्या मुंबईकडच्या काठावर, शिवडीच्या जेट्टीवरून बघताना तोंड पूर्वेला असतं. सकाळी सूर्य थेट डोळ्यांत, सगळे पक्षी काळ्या सावल्या. त्यात हिवाळ्यातलं मुंबईचं धुरकट धुकं. दुपारी तीननंतर सूर्य पाठीशी येतो आणि रोहितांच्या पंखांतला गुलाबी रंग खरा दिसतो. म्हणून शिवडी दुपारची आणि नवी मुंबईतलं नेरुळ-सीवूड्स सकाळचं.

हे सगळं जुळवलं की सर्वात चांगले दिवस ठरतात: पौर्णिमा किंवा अमावास्या आणि त्यानंतरचा एखादा दिवस. भरती सकाळी अकरा ते दुपारी एकच्या दरम्यान येते. उधाण असतं, त्यामुळे खाडीतला चिखल पूर्ण बुडतो आणि थवे नेरुळच्या डीपीएस शाळेजवळच्या तलावावर आणि टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीवर येऊन बसतात. भरतीच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत तिथे थांबा. मग सीवूड्स-दारावेहून सीएसएमटीकडे जाणारी हार्बर लोकल घ्या. ती थेट शिवडीला थांबते, गाडी बदलावी लागत नाही आणि प्रवास साधारण पाऊण तासाचा. साडेतीनच्या सुमारास पाणी उतरू लागलेलं असतं आणि सूर्य पाठीशी. एका तिकिटात भरतीचा विसावा आणि ओहोटीचं खाणं, दोन्ही बघून होतं.

हीच तारीख रविवारी आली तर सोडून द्या. हार्बरवर रविवारी बहुधा सकाळी अकरा ते दुपारी चारच्या आसपास मेगाब्लॉक असतो, नेमका आपल्या प्रवासाच्या वेळेत. तो वाशी-पनवेल पट्ट्यात आहे की सीएसएमटीकडच्या, हे आदल्या दिवशी जाहीर होतं. दोन्हीपैकी कुठेही असला तरी ही फेरी मोडते. शनिवार सर्वांत बरा.

अष्टमीच्या आसपास आलात तर बेत वेगळा हवा. त्या वेळी भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, चिखलाचा काही भाग उघडाच राहतो. पक्ष्यांना विसाव्याला दूर जायची गरज उरत नाही, म्हणून नेरुळचे तलाव रिकामे वाटू शकतात. पण भरती संध्याकाळी सहाची असल्याने साडेतीन ते पाच शिवडीला चढतं पाणी मिळतं, तेही उत्तम प्रकाशात. सकाळ बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला किंवा भांडुपला द्यावी, तिथे भरतीचा संबंध कमी. एकादशी ते त्रयोदशी मात्र दुपारची शिवडी टाळाच: भरती सकाळी आठ ते दहामध्ये होऊन गेलेली असते आणि तीनच्या सुमारास पाणी सर्वांत लांब असतं.

शिवडीला पोहोचताना बाहेरगावच्या माणसाची चूक ठरलेली असते. पुण्याहून आलेला दादरला उतरतो आणि शिवडीची गाडी शोधत बसतो. दादरला हार्बरची गाडीच नाही. मध्य रेल्वेने कुर्ल्याला जाऊन तिथून सीएसएमटीकडची हार्बर घ्या, किंवा पश्चिमेने माहीम-वांद्र्याला जाऊन तिथून सीएसएमटीची. बोरिवलीहून येणाऱ्यांनी गोरेगाव किंवा अंधेरीला हार्बर धरावी. शिवडीला पूर्वेला बाहेर पडून गोदामं आणि ट्रकांमधून पंधरा-वीस मिनिटं चालायचं. रस्ता धुळीचा आहे, रुमाल किंवा मास्क जवळ ठेवा. जेट्टीवरून चिखलात उतरायचं नाही. वरून घट्ट दिसणारा चिखल गुडघ्यापर्यंत आत ओढतो आणि तुमच्या एका पावलाने अख्खा थवा उठतो. जवळच्या शिवडी किल्ल्यावरून खाडीचा पूर्ण पट दिसतो. आधी तिथे चढून थवे कुठे आहेत ते बघावं आणि मग जेट्टीवर जावं.

अटल सेतूचं काम सुरू झाल्यापासून शिवडीचं चित्र बदललं. १२ जानेवारी २०२४ ला सेतूचं उद्घाटन झालं आणि तो इथूनच समुद्रात शिरतो. जुन्या फोटोंतला, जेट्टीला टेकलेला गुलाबी गालिचा डोळ्यांसमोर ठेवून आलात तर वाईट वाटेल. पक्षी आहेत, पण खाडीभर विभागलेले. ते पाहून हळहळ वाटते आणि ती वाटायलाच हवी.

नवी मुंबईसाठी पुण्याहून येणाऱ्यांनी दादरपर्यंत यायचंच नाही. ठाण्याला उतरून फलाट ९ किंवा १० वरून ट्रान्स-हार्बरची गाडी घ्या. फलकावर पनवेल किंवा नेरुळ पाहिजे. वाशीची गाडी तुर्भ्यानंतर दुसरीकडे वळते. पनवेल गाडी सीवूड्स-दाराव्याला थांबते, नेरुळची नेरुळलाच संपते. स्टेशनवरून तलावापर्यंत रिक्षा. काठावर पोहोचल्यावर लगेच दुर्बीण लावू नका. सूर्य पाठीशी येईल अशी जागा आधी शोधा आणि थव्यापासून अंतर राखा. विसाव्याला आलेला पक्षी उडवला की त्याची पुढच्या ओहोटीची ताकद खर्च होते.

या तलावांचा जीवही भरतीवरच आहे. खाडीचं पाणी आत यायचे मार्ग बुजले की पाणी साचून शेवाळ माजतं आणि पक्षी जागा सोडतात. मग ते थवे भलत्या ठिकाणी, भलत्या वेळी हवेत असतात. मे २०२४ मध्ये घाटकोपरला उतरत्या विमानाची धडक बसून ३९ रोहित मेले, तेव्हा पाणथळींचा प्रश्न पुन्हा जोरात विचारला गेला. तलावाचं पाणी हिरवं आणि स्थिर दिसलं तर फोटो काढून तारखेसह नोंद ठेवा. स्थानिक लोक अशा नोंदींच्या जोरावरच तलावांसाठी भांडतात.

रोहित कधी येतात याबद्दलही गैरसमज आहे. नाताळच्या सुट्टीत आलेल्यांना हजारोंची अपेक्षा असते. डिसेंबरात थवे जमत असतात. खरी गर्दी जानेवारीच्या उत्तरार्धापासून पुढे, अगदी मेपर्यंत. डिसेंबरात यायचं तर बदकं आणि चिखलपक्षी मनात धरून या, रोहितांसाठी फेब्रुवारी धरा. दोन जाती ओळखायला रंगावर जाऊ नका, चोच बघा. मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी आणि टोक काळं. लहान रोहिताची चोच सगळीच गडद लाल, लांबून काळी वाटणारी. लहान रोहित पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, मोठा किडे-कोळंबीसारखे जीव. करड्या-तपकिरी रंगाचे पक्षी दिसले तर ती तिसरी जात नाही, ती पिल्लं.

सकाळी साडेनऊ-दहानंतर चिखल तापतो आणि त्यावरची हवा थरथरू लागते. मग दुर्बीण कितीही भारी असो, लांबच्या तुतारीची चोच सरळ की वाकडी हे कळत नाही. अशा वेळी जवळचे शेकाटे, बगळे बघावेत, लांबचे सोडून द्यावेत. खाडीसाठी दहापट मोठं दाखवणारी १०×४२ दुर्बीण बरी, जंगलासाठी आठपट दाखवणारी ८×४२. एकच नेता येत असेल तर ८×४२ न्या, तिच्यात हात कमी थरथरतो. मोठा ट्रायपॉड संध्याकाळच्या लोकलमध्ये तुम्हालाही त्रास आणि दारातल्या माणसालाही. सकाळी दक्षिण मुंबईहून नवी मुंबईकडे जाणं गर्दीच्या उलट दिशेने असतं. शिवडीहून संध्याकाळी सहाला पनवेलकडे परतणं मात्र ऐन गर्दीत. मुक्काम शिवडीच्या दक्षिणेला, सीएसएमटीकडे ठेवला तर दोन्ही वेळा उलट्या दिशेने जाता येतं. दोनपेक्षा जास्त दिवस राहणार असाल तर लोकलचा टुरिस्ट पास खिडकीवर मागा. तो १, ३ आणि ५ दिवसांचा मिळतो.

भांडुप पंपिंग स्टेशनचा परिसर मध्य रेल्वेवर आहे. धीमी लोकल घेऊन भांडुप किंवा नाहूरला उतरा, पूर्वेला रिक्षा करा. इथे खारफुटी, गोड्या पाण्याची डबकी आणि उंच लव्हाळं एकाच रस्त्यावर येतं, म्हणून कमी चालण्यात जास्त जाती दिसतात: थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, वरून घिरट्या घालणारा दलदली भोवत्या, तारेवर गप्पीदास, लव्हाळ्यात शंकर. शंकर लाजरा पक्षी आहे. पायवाटेच्या कडेला दहा मिनिटं न हलता थांबलं की तो उघड्यावर चिखलात येतो, मागे लागलं की गवतात नाहीसा होतो. आत शिरण्याआधी फाटकावर विचारून घ्या.

पलीकडच्या काठावर ऐरोलीला वनखात्याचं किनारी जैवविविधता केंद्र आहे. ऐरोली स्टेशनवरून रिक्षा. तिथून खाडीत बोटीने जाता येतं, पण फेऱ्या भरतीवर ठरतात, म्हणून आधी नोंदणी केल्याशिवाय जाऊ नका. हा पट्टा २०१५ मध्ये रोहित अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आली.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाबद्दल थोडक्यात: स्टेशनच्या पूर्वेला, चालत किंवा बसने, सोमवारी बंद. कान्हेरीच्या रस्त्यावर सकाळी स्वर्गीय नर्तक, माशीमार, वटवटे, ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर. इथे लवकर जाण्याला अर्थ आहे.

स्वस्त आणि फार कमी लोक करतात अशी एक फेरी: डॉकयार्ड रोडला उतरून भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याची लाँच. तासाभराचा प्रवास, मागून कुरवांचे (सीगलांचे) थवे. उरणला पोहोचून जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या लोकलने परत. मोऱ्याला गाळ आहे, मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही आणि फेऱ्या थांबतात, म्हणून इथेही तक्ता बघा. कुरव ओळखताना नावाला फसू नका: हिवाळ्यात तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं तपकिरी नसतं आणि काळ्या डोक्याच्याचं काळं नसतं. दोघांच्याही डोळ्यामागे फक्त गडद ठिपका असतो. पंख बघा. टोकाच्या काळ्या भागात पांढरे डाग असतील तर तपकिरी डोक्याचा. पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पट्टी आणि काळं फक्त टोकाच्या काठाला असेल तर काळ्या डोक्याचा. मार्चपर्यंत थांबलात तर डोकी रंगू लागलेली दिसतात. त्यांना शेव-गाठी टाकू नका. तळलेलं, खारट खाणं त्यांच्यासाठी नाही.

एखाद्या पक्ष्याच्या पायात रंगीत पट्टी किंवा कडी दिसली तर रंग, कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली आणि वाचता आलेली अक्षरं लगेच लिहा, नंतर आठवत नाही. ती नोंद तारीख आणि जागेसह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. १८८३ पासूनची ही संस्था, सीएसएमटीपासून चालत जाण्यासारखं फोर्टमधलं हॉर्नबिल हाउस हे तिचं घर. अक्षरं अर्धवट वाचली असतील तर अर्धवटच लिहा. अंदाजाने पूर्ण केलेला क्रमांक चुकीच्या पक्ष्याच्या खात्यावर जातो.