एसीचा धंदा आणि अनुभवाचा दाखला

एसी बसवायचा असा वेगळा परवाना आपल्याकडं नाही. पण मेन बोर्डापासून नवी लाइन ओढायची, तालुक्यातल्या सरकारी कार्यालयाचं काम घ्यायचं, तर विद्युत ठेकेदाराचा परवाना विचारतात. त्याच्याही आधी विद्युत पर्यवेक्षकाचं, म्हणजे सुपरवायझरचं, प्रमाणपत्र. माझ्याकडं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा होता, ब्रेझिंग (ज्योतीनं तांब्याचे पाइप जोडणं) आणि गॅस भरण्यावर हात बसलेला होता. अर्ज, फोटो, चलान सगळं झालं. घोडं अडलं अनुभवाच्या दाखल्यावर.

ज्या ठेकेदाराकडं राबलो, त्यानं पगार कायम रोखीत दिला. ना स्लिप, ना हजेरीपट. दाखला मागितला तर म्हणे, "अबे, सीझन आहे. दाखला कुठं पळून चालला?" मार्च ते जून एसीवाल्याला जेवायला फुरसत नसते, मान्य. पण त्याच उन्हात ब्रह्मपुरीकडं पत्र्यावर एसीचे बाहेरचे युनिट, आउटडोअर, मीच चढवले होते ना!

शेवटी दिला एकदाचा. लेटरहेडवर गजानन महाराजांचा फोटो, खाली अर्धवट उमटलेला शिक्का, आणि मजकूर काय तर "मुलगा होतकरू व प्रामाणिक आहे." परवान्याच्या कार्यालयातल्या बाबूनं दोन बोटांत धरून परत केला. ठेकेदाराचा परवाना क्रमांक नाही. तो घालून नेला तर म्हणे, त्याची मुदत कधीपर्यंत? मुदत लिहून आणली तर माझ्या कामाच्या तारखा आठवल्या, तारखा आणल्या तर कामाचं स्वरूप. एकदम सांगायला काय जात होतं? दरवेळी एसटीनं नागपूर, आणि इकडं गिऱ्हाईक फोनवर फोन करतंय.

मग मीच सगळा मजकूर टाइप करून नेला आणि ठेकेदाराच्या घरी जाऊन बसलो. वहिनींनी चहा दिला आणि त्याला असं काही झापलं की पेन आपसूक निघाला.

तुम्ही दाखला पावसाळ्यात मागा. खरं तर काम सोडायच्या आधीच. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते, कोणाला पैसे देऊ नका. माणसं थोडीच असतील तर दुकानासाठी कामगार खात्याला ऑनलाइन सूचना दिली की भागतं. आणि हो, नव्या एसीतला आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो. जुन्या एसीतल्या, पेट न घेणाऱ्या आर-२२ च्या सवयीनं गळत्या जोडाजवळ ब्रेझिंगचा पेटता टॉर्च नेऊ नका. पाइपातली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप घ्याच. गॅस सोडून पाइपातली हवा काढणाऱ्याला मी कामावर ठेवत नाही.

आता माझ्याकडं पोरं शिकतात. त्यांचा पगार बँकेत जातो, आणि परवाना क्रमांक, मुदत, तारखा, सगळे रकाने असलेला दाखल्याचा नमुना मी लेटरहेडवर छापूनच ठेवलाय.