आमची वाटचाल : खानापूर ते जांबोटी, शाळा-शाळांतनं

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापुरात 2011 ला आम्ही नवरा-बायकोनं कॉम्प्युटर रिपेअरीचं दुकान टाकलं, झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म, मिळेल ते करत होतो. शाळांचं काम 2016 पासनं. जांबोटी भागातल्या एका मराठी शाळेच्या एसडीएमसीनं, म्हणजे शाळा समितीनं, गावात वर्गणी काढून प्रोजेक्टर घेतला आणि बसवायला आम्हाला बोलावलं. हृदयाचा व्हिडिओ लावला तर एक पोरगी उठून भिंतीजवळ गेली, झडप उघडते तिथं एक बोट आणि दुसरा हात स्वतःच्या छातीवर, अशी उभीच राहिली. घरी येताना आम्ही दोघं तेवढंच बोलत होतो.

पावसाळ्यात तिथनंच फोन, बल्ब गेला. आमच्या रानाकडच्या पट्ट्यात पाऊस लागला की करंट सारखा जातो, आणि बल्बवाला प्रोजेक्टर बंद केल्यावरपण आतला पंखा थोडा वेळ फिरायला लागतो, करंट एकदम गेला तर बल्ब तापलेलाच राहतो, रोज असं झालं तर तो किती टिकणार? वर दमट हवेनं लेन्सवर बुरशी. यूपीएस पाहिजे हे आम्हीच आधी सांगायला हवं होतं, म्हणून तो बल्ब पदरचे पैसे घालून बदलला. आता यूपीएसशिवाय ऑर्डर घेत नाही.

खरी अडचण धड्यांची. मराठीत व्हिडिओ भरपूर, पण बहुतेक महाराष्ट्राच्या बालभारतीच्या पुस्तकांवरचे, आणि आमची पोरं मराठीत शिकली तरी पुस्तक कर्नाटकाचं, पुढं परीक्षा एसएसएलसीची, म्हणजे कर्नाटकाच्या दहावीची. पेनड्राईव्ह भरून दिला तर बाई म्हणाल्या, "ओ, ह्यातलं कितीतरी आमच्या पुस्तकात नाहीच की." मग शनिवारी शाळा सुटली की बायको बाईंबरोबर बसायची, कुठला व्हिडिओ कुठल्या पानाला ते लावायची, जिथं काहीच मिळालं नाही तिथं बाईंनी मोबाईलवर स्वतःच्या आवाजात धडा केला. पोरांना तेच जास्त आवडतात, बाई आपल्याच बोलीत सांगतात ना.

2020 ला शाळा बंद झाल्या तेव्हा तेच धडे मेमरी कार्डात भरून गावागावात दिले. रेंज नाही, आणि कितीतरी घरात एकच फोन, तोपण वडिलांबरोबर गोव्याला कामावर. अशा घरातली पोरं मागं पडली, त्याची रुखरुख अजून आहे.

आज 19 शाळा आहेत. सध्या सातवीच्या विज्ञानाचे धडे लावतोय, चार राहिलेत, शाळा उघडायच्या आत व्हायला पाहिजेत.