विणेकरी घडवताना : विणा वेगळी करायचं ठरलं

मातीच्या विणेकऱ्याचं धड, धोतराच्या निऱ्या आणि पागोटं जमलं. ओल्या मातीत उंची 14 इंच आहे, भाजून निघेल तेव्हा साडेबाराच्या आसपास भरेल. आता घोडं अडलंय विण्यापाशी.

कीर्तनात टाळकरी झुलतात, पखवाजवाल्याचं अख्खं अंग बोलतं. विणेकरी त्या मानाने स्थिर. गळ्यात विणा, एका हाताने दांडी तोललेली, दुसऱ्या हाताचं बोट तारांवर. चाल वाजवायची नाही, फक्त सूर धरायचा. मातीत उघडं तोंड ओरडल्यासारखं दिसतं (हे माझं मत, वाद घाला). म्हणून ओठ मिटवले आणि मान दांडीकडे कलती केली. एका टाचेवरचा भारही काढून घेतला. त्या कलत्या मानेत सूर दिसू लागला, असं मला तरी वाटतं.

दांडी मातीची नको, हे मात्र नक्की. बारीक भाग धडाच्या आधी सुकतो, आकसतो आणि जोडावर तडकतो. आत तार घातली तरी माती आकसते, तार आकसत नाही, चीर ठरलेलीच. वाट दाखवली ती चोलकालीन वीणाधर शिवाच्या कांस्यमूर्तींनी. त्यांतल्या कित्येकांच्या हातात आज वीणा उरलेली नाही, तरी बोटांच्या ठेवणीवरून ती जाणवते. म्हणजे आधी हात घडवायचे, वाद्य मागून.

तेव्हा विणा शिवणीच्या लाकडाची, तारा पितळेच्या. दांडी 10 मिलिमीटरची आहे. माती दहा टक्के आकसेल असं धरून मुठीतलं भोक 12 मिलिमीटरचं ठेवलंय. धड आतून पोकळ केलंय, भिंत अर्ध्या इंचाची. भट्टीत 573 अंश सेल्सिअसच्या आसपास मातीतला क्वार्ट्झ (गारेचे कण) एकदम फुगतो, तिथे आच सावकाश चढवायची.

पण विणा सुटी झाली आणि नवाच पेच पडला. सप्ताहात विणा खाली ठेवत नाहीत. पहारा बदलला की एकमेकांच्या पाया पडून ती पुढच्याच्या गळ्यात जाते. मग माझी विणा मूर्तीच्या हातातून काढली की टेबलावर ठेवू? मन धजेना. शेवटी पुढच्या पहाऱ्याचा दुसरा विणेकरी करायला घेतलाय, जरा वयस्कर, पाठीत वाकलेला. दोघांच्या मुठींत तीच दांडी बसायला हवी, म्हणून दोन्ही मूर्तींना एकाच मळणीतली माती वापरतोय.

इतक्या लहान विण्याला पितळी तार किती जाडीची लावावी, कुणी करून पाहिलंय का?